दिवाळीत द्यायला घरी साबण करायचाय, वेळ पुरेल का?

गॅलरीतली_तुळस

नमस्कार मंडळी, काल विसर्जन झालं, घर एकदम रिकामं वाटतंय आणि मी आजच दिवाळीचा विषय काढतेय, पण हे काम आयत्या वेळचं नाही एवढं कळलंय म्हणून आत्ताच विचारते. कोथरूडला राहते. यंदा दिवाळीला सोसायटीतल्या घरांना, आमच्या कामाच्या मावशींना, वॉचमनकाकांना आणि माहेर-सासरच्या मंडळींना मिठाईचा खोका द्यायचा नाही असं ठरवलंय, त्याऐवजी घरी केलेल्या साबणाच्या दोन वड्या आणि आजीच्या पद्धतीचं उटणं द्यायचं, म्हणजे अभ्यंगस्नानाला वापरता येईल. एकूण 40 वड्या लागतील.

गौरीच्या हळदीकुंकवाला एक छोटा प्रयोग केला होता. तयार सोप बेस आणला, वितळवला, साच्यात ओतला, दिसायला इतका सुंदर झाला की मलाच विश्वास बसेना. पण दोन दिवसांत वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब यायला लागले, वर लावलेल्या गुलाबाच्या पाकळ्या चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी पडल्या, आणि ज्या चार वड्यांत मी ओली हळद किसून घातली होती त्यांच्यावर आठवड्यात काळे ठिपके आले. त्या चार फेकल्या. ज्या बायकांना दिल्या त्या काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं, देताना मनापासून दिलं होतं.

आता काही जण म्हणतात तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून करतात तोच खरा साबण. पण घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि कॉस्टिकची मला भीती वाटते. वेळ पुरेल का? उटणं साबणात घालता येतं का? आणि पुण्यात सामान कुठे मिळेल?


धायरीची_सई

अगं तुळस, अगदी योग्य वेळी विचारलंस. मी सात वर्षं दर दिवाळीला करते आणि माझा हिशोब सरळ पंचांगावर चालतो, तो आधी सांगते कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी, भाद्रपद शुद्ध ते आश्विन वद्य, मध्ये दीड महिना, म्हणजे 44 दिवस. तेल-कॉस्टिकच्या साबणाला, कोल्ड प्रोसेस म्हणतात त्याला, सुकायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे या दोन-चार दिवसांत ओतलास तर पहिल्या आंघोळीला जवळजवळ सहा आठवडे होतात. घटस्थापनेला ओतलास तर बरोबर चार आठवडे, ती शेवटची तारीख समज. दसऱ्यानंतर जेमतेम 18-19 दिवस उरतात, तेव्हा कोल्ड प्रोसेस करूच नये. मी एका वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत केला आणि तसाच वाटला, तर साबण मऊ, दोन आंघोळीत अर्धा झाला, साबणदाणीत नुसता गाळ. नणंदेने फोन करून प्रेमाने सांगितलं पण ते मला आजही लागून राहिलंय.

आता तुझ्या घामाचं. सोप बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, सप्टेंबरात पुण्याची हवा दमट, त्यात तू उघड्या ठेवल्या असशील. साबण खराब झालेला नसतो तो, फक्त घट्ट झाल्या झाल्या क्लिंग फिल्ममध्ये गच्च गुंडाळायचा आणि फ्रिजमध्ये मुळीच ठेवायचा नाही, बाहेर काढला की जास्त थेंब धरतो. ठिपके मात्र बुरशीचे. ओली हळद, ताजी कोरफड, दूध, ताज्या पाकळ्या असलं ओलं काहीही सोप बेसमध्ये घालायचं नाही, त्या फेकल्यास ते बरोबर केलंस.

माझं प्रमाण देते, एक किलो तेलाचं. खोबरेल 350 ग्रॅम, राइस ब्रान 350, ऑलिव्ह पोमेस 200, एरंडेल 100. याला कॉस्टिक सोडा 142 ग्रॅम आणि पाणी 285 ग्रॅम. हे 142 अंदाजाने नाही आलेलं, प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, खोबरेलच्या एका ग्रॅमला 0.183 लागतं तर एरंडेलच्या एका ग्रॅमला 0.128, तसं चारही तेलांचं काढून बेरीज 150 येते आणि त्यातून पाच टक्के कमी करायचं म्हणजे थोडं तेल साबणात शिल्लक राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. त्यामुळे घरात खोबरेल कमी आहे म्हणून त्याच्या जागी शेंगदाण्याचं ओतलं असं चालत नाही, तेल बदललं की आकडा पुन्हा काढायचा, नेटवर सोप कॅल्क्युलेटर फुकट आहेत. आणि सगळं वजनावर. तेलसुद्धा. कपाने किंवा चमच्याने मोजून साबण करणारे व्हिडिओ बघितलेस तर लगेच बंद कर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घे.

खोबरेल का हवं तर फेस आणि कडकपणा त्याने येतो, पण ते फार झालं तर कातडी ओढल्यासारखी होते. एरंडेलने फेस टिकतो. राइस ब्रान आणि ऑलिव्हने मऊपणा.

आता कृती. कॉस्टिक पाण्यात विरघळवून बाजूला ठेवायचं, तेलं एकत्र करून कोमट, दोन्ही साधारण 40 अंशावर आली की कॉस्टिकचं पाणी गाळणीतून तेलात ओतायचं आणि हँड ब्लेंडर थोडा थोडा वेळ चालवायचा. सतत चालवू नकोस, पाच सेकंद चालव, मग बंद करून त्याच दांड्याने नुसतं ढवळ. आधी ते तेलकट पिवळं पाणी दिसतं, मग एकदम रंग फिका होतो, मग बासुंदीसारखं दाटतं, ब्लेंडर उचलून वरून धार सोडली की ती धार क्षणभर वर तशीच दिसते, लगेच बुडत नाही. तो क्षण. त्याला ट्रेस म्हणतात. तिथे थांबायचं, सुगंध आणि बाकीचं घालायचं आणि साच्यात ओतायचं. साचा जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी काढून कापायचा. एका घाण्यात 1400 ग्रॅमच्या वर माल होतो, म्हणजे 100 ग्रॅमच्या 14 वड्या. तुला तीन घाणे लागतील. पण तिन्ही एकाच दिवशी नको करूस, पहिला अर्ध्या किलोचाच कर, सगळं निम्मं करून.

सुगंधाबद्दल एक सांगते, मोगरा आणि तसल्या फुलांचे सुगंध घातले की मिश्रण कधी कधी हातात आवळतं. माझा एकदा एक अख्खा घाणा अर्ध्या मिनिटात रव्याच्या लाडवाच्या मिश्रणासारखा झाला, साच्यात ओतायच्या ऐवजी हाताने दाबून बसवावा लागला, हातमोजे होते म्हणून ठीक. म्हणून नवा सुगंध आधी थोड्याच मिश्रणात घालून बघ.


निवृत्त_रसायन

ताई, मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे तुमची भीती मला समजते आणि ती चांगली आहे, ती सोडू नका. पण तिच्यामुळे काम सोडायचीही गरज नाही. मी सांगतो ते एकेक पाळा.

कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. विरघळताना पाणी इतकं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही, 80 अंशांच्या वर सहज जातं, आणि वाफा निघतात त्या घशाला झोंबतात. म्हणून हे गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करा. तोंड लांब ठेवा. डोळ्यांना गॉगल हवा, नुसता चष्मा पुरत नाही, बाजूने उडतं. रबरी हातमोजे, लांब बाह्या, पायात बंद चप्पल.

भांडं स्टीलचं किंवा जाड पीपी प्लास्टिकचं, ज्याच्या तळाला त्रिकोणात 5 लिहिलेलं असतं. जर्मनचं पातेलं चुकूनही नको. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की फसफसून हायड्रोजन निघतो, तो पेट घेणारा वायू आहे, आणि भांडं तर खाल्लंच जातं. नॉनस्टिकही नको. हे साबणाचं भांडं-चमचे पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धरा आणि 15-20 मिनिटं धरून ठेवा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं नाही, बऱ्याच ठिकाणी तसं सांगतात ते चुकीचं आहे, आधीच भाजलेल्या कातडीवर आणखी उष्णता तयार होते. डोळ्यात गेलं तर धुवत धुवतच डॉक्टरांकडे निघायची तयारी करा.

मुलगी शाळेत असताना करा. कॉस्टिकचं पाणी पारदर्शक असतं आणि साध्या पाण्यासारखं दिसतं, घरात सगळ्यात मोठा धोका तोच. ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही. मी स्वतः भांड्यावर लाल पट्टी चिकटवतो.

निचरा मोकळा करायची जी पावडर मिळते ती वापरू नका, तिच्यात इतर पदार्थ असतात. लॅब केमिकलच्या दुकानात शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड मागा, फ्लेक्स किंवा पेलेट्स. डबा उघडा राहिला तर हवेतली ओल शोषून ते पाणावतं आणि मग तुमचं 142 ग्रॅम हे खरं 142 राहत नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी नको, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा न विरघळणारा साका तयार होतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच. डिस्टिल्ड पाणी घ्या, गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं ते, मात्र बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलंय हे वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

आणि हळदीबद्दल, मुलीला दाखवण्यासारखं आहे. हळद अल्कलीत लाल होते. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तीच ही क्रिया. तुम्ही पिवळ्या साबणाच्या आशेने सुकी हळद घातलीत तर मिश्रण आधी विटकरी लाल होईल. घाबरू नका, बिघडलं नाही. साबण सुकेल तसा तो रंग केशरी-पिवळ्याकडे येतो. तयार झालेली कोरडी वडी तिच्या हातात द्यायला काहीच हरकत नाही, कारण तोपर्यंत सगळं कॉस्टिक तेलाशी मिळून त्याचं साबण आणि ग्लिसरीन झालेलं असतं. कारखान्यात हे ग्लिसरीन बऱ्याचदा वेगळं काढतात, घरच्या साबणात ते राहतं. पीएच पट्टी लावून बघा, 9 ते 10 च्या दरम्यान यायला हवा.


पेठेतला_पोरगा

सामानाचं मी सांगतो कारण लहानपणापासून बोहरी आळीच्या कडेलाच राहतोय. रविवार पेठेत बोहरी आळीत शिरा, सिलिकॉनचे साचे, पॅकिंगचे खोके, बटर पेपर, सुतळी, रिबन, डबे सगळं त्या एका पट्ट्यात होलसेलमध्ये मिळतं. शनिवारी रविवारी जाऊ नका आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत तर अजिबात नको, पाय ठेवायला जागा नसते, आत्ता सकाळी अकराच्या सुमारास जा. गाडी मंडईच्या पार्किंगला लावून चालत या. उटण्याचं सामान काष्ठौषधीच्या दुकानातून सुटं घ्या, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, त्यांना सांगितलं की दळूनही देतात काही जण.

सुगंध घेताना साबणाला चालणारा आणि अंगाला लावायला चालणारा आहे का हे विचारा, मेणबत्तीचा वेगळा असतो. अत्तर घालू नका, महागही पडतं आणि साबणात टिकत नाही.

आणि ताई मेल्ट अँड पोर, म्हणजे तुम्ही केलात तसा तयार बेस वितळवून ओतणं, कमीपणाचं नाही हां, मी तेच करतो, माझ्या आईला कॉस्टिकच्या वाफेचा त्रास होतो म्हणून आमच्याकडे ते आणतच नाही. बेस छोटे तुकडे करून डबल बॉयलरवर वितळवा, उकळू देऊ नका, साधारण 60 अंशाला वितळतो, उकळला की रबरासारखा होतो. ओतल्यावर वर बुडबुडे येतात त्यावर स्प्रेच्या बाटलीतून सर्जिकल स्पिरिट मारा, गायब होतात, पण गॅस बंद करून मग मारा. जे लोक दसऱ्यानंतर जागे होतात त्यांनी हेच करावं.


आजोळ_सातारा

माझा मुद्दा छोटा आहे पण कृपया मनावर घ्या. माझ्या सासूबाईंना एक्झिमा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना कोणीतरी फार हौसेने घरचा साबण दिला, त्यात लवंग आणि दालचिनीचं तेल होतं हे आम्हाला नंतर कळलं, हाताला आठ दिवस आग होत होती. देणाऱ्याचं मन चांगलं होतं म्हणून आम्ही बोललो नाही, पण एक चिठ्ठी असती तर त्यांनी तो वापरलाच नसता. तेव्हा प्रत्येक वडीला कागद लावा, कुठली तेलं, कुठला सुगंध, कधी केला. आणि काही वड्या बिनसुगंधाच्या करा, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान बाळं असलेल्या घरांना त्याच द्या.

उटण्यात बावची असेल तर तीही गाळा, ती लावून उन्हात गेलं की काहींच्या कातडीवर डाग पडतात.

एक आणखी, भेट म्हणून देताय तोवर ठीक, पण पुढे कोणी पैसे देऊन मागायला लागलं तर साबण हा कायद्याने कॉस्मेटिकमध्ये येतो आणि विकायला करायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे लायसन्स लागतं. दिवाळीच्या स्टॉलवर ठेवायच्या आधी एफडीएत चौकशी करा.


गॅलरीतली_तुळस

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. सर, तुमचा लाल पट्टीचा सल्ला आजच अमलात आणला. जर्मनचं पातेलंच काढून ठेवलं होतं मी, मोठं आहे म्हणून! वाचून अंगावर काटा आला.

ठरवलंय असं, 28 वड्या कोल्ड प्रोसेस, दोन घाण्यांत, आणि 12 बिनसुगंधाच्या मेल्ट अँड पोर, त्या दिवाळीच्या आठवड्यात करून लगेच गुंडाळणार. आजीच्या उटण्यात बावची नाही, मसूर डाळ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा आणि संत्र्याची साल एवढंच आहे. सई, हे साबणात किती घालू?


धायरीची_सई

एक किलो तेलाला दोन टेबलस्पून, त्याच्या वर नको. आणि वस्त्रगाळ करून घे, नुसत्या चाळणीने नाही भागत, नागरमोथ्याचे धागे राहतात आणि ते अंगाला ओरखडतात, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळ. ट्रेस आल्यावर थोड्या तेलात कालवून घाल म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. रंग चॉकलेटी येईल, वास मात्र उटण्याचा फारसा राहत नाही, कॉस्टिकमध्ये मरतो, म्हणून त्याच्या जोडीला सुकं उटणं देतेयस हे फार छान आहे, वास त्या पुडीतूनच येऊ दे. मला तर ते दिवाळीच्या पहाटेचं सगळं आठवतं, बाहेर अंधार, बंबातलं पाणी, आजीचे तेलाने भरलेले हात आणि गोल मोती साबणाचा वास न्हाणीघरात भरलेला. आपण तेच पुढे देतोय.

पॅकिंग प्लास्टिकमध्ये नको, कोल्ड प्रोसेसच्या वडीला हवा लागते. बटर पेपरची नुसती पट्टी आणि सुतळी, दोन्ही टोकं उघडी.


गॅलरीतली_तुळस

घटस्थापना झाली, आज अपडेट देते. आधी सांगितल्याप्रमाणे अर्ध्या किलोचा घाणा केला, मग दोन मोठे. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, गॅलरीत गॉगल लावून उभी आणि शेजारच्या काकू पलीकडून विचारतायत काय गं करतेस. कॉस्टिक विरघळलं तेव्हा बरणी इतकी तापली की सर म्हणाले ते अक्षरशः पटलं. पण तेलात ओतल्यावर तो रंग बदलताना बघितला आणि भीती कुठल्या कुठे गेली. धार वर दिसायला लागली तेव्हा मी एकटीच ओरडले, आली, आली!

अर्ध्या किलोच्या घाण्यात सुकी हळद घातली होती, मुलगी शाळेतून आली तोवर साचा झाकून वर ठेवला होता, दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून मी कापला आणि तिला लांबून दाखवला, लालसर विटकरी. आता दोन आठवड्यांनी केशरी झालाय, ती रोज येऊन रंग बघते. वेताच्या टोपलीत जागा सोडून मांडल्यात, दर रविवारी उलटते. वजन करून वहीत लिहितेय, 100 ची वडी आज 92 भरली.

फक्त एक शंका, दुसऱ्या घाण्याच्या वड्यांवर वरच्या बाजूने पांढरी भुकटी आलीय, बोट फिरवलं की पिठासारखी लागते. खालून स्वच्छ आहेत. ही पण बुरशी का? त्या घाण्याच्या 14 वड्या आहेत, मनात नुसती धाकधूक.


धायरीची_सई

नाही गं, बुरशी नाही. सोडा ॲश आहे, ओतल्यावर वरची बाजू उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून येते, पुढच्या वेळी साच्यावर क्लिंग फिल्म टाक. हातमोजे घालून ओल्या फडक्याने हलकेच पुसून घे आणि पुन्हा टोपलीत ठेव, आता ऑक्टोबरचं ऊन सुरू होईल, दोन दिवसांत कोरड्या होतील. सगळ्या 14 देण्यासारख्या आहेत.